यात्रावर्णन आणि गाऱ्हाणें

मराठी मासिकांतून व दिवाळी अंकांतून यात्रावर्णनांचें पीक दरवर्षी वाढत आहे. हें पाहून वाङ्मयप्रेमी माणसास आनंदच व्हावयास पाहिजे होता; परंतु आमचा अनुभव उलट आहे. तिरुपति, मदुरा, रामेश्वर, उडुपी, गोकर्ण हीं क्षेत्रें निरनिराळीं असलीं तरी त्यांचीं वर्णनें वाचतांना आपण एकच लेख पुनःपुन्हां वाचीत आहों असें आम्हांस वाटूं लागतें. गाडी पहांटे पोंचते. दुरून गोपुर दिसतें व त्याची उंची फुटांत सांगितली जाते. रांगेंत कांहीं तास जातात. मूर्ति क्षणभर दिसते. लेखकाचे डोळे पाणावतात. आणि शेवटच्या वाक्यांत जन्माचें सार्थक होतें. मूर्ति कोणत्या पाषाणाची, प्रसाद कशाचा, धर्मशाळेंत सोय कशी, हें सारें आपणांस कळतें. कळत नाहीं तें इतकेंच, कीं हा लेखक कोण, कोणाबरोबर आला, आणि कां आला.

आमची ही तक्रार केवळ शैलीपुरती असती तर तिच्यासाठीं इतकीं पानें खर्च करण्याचें कारण नव्हतें. यात्रा ही बहुधा एकट्याची नसते, कुटुंबाची असते. आणि कुटुंब ज्या कारणासाठीं घराबाहेर पडतें तें कारण लिहिलें गेलें नाहीं तर एक-दोन पिढ्यांत तें विसरलें जातें. मागें राहतें तें फक्त स्थळ. यात्रेची सहल होते ती प्रवासाच्या सोयी वाढल्यामुळें नव्हे. ती होते निमित्ताचा विसर पडल्यामुळें. ह्या विसरण्यास आमचे यात्रावर्णनकार हातभार लावीत आहेत, असा आमचा आरोप आहे, व तो सिद्ध करण्यासाठीं आम्ही एकच यात्रा डोळ्यांपुढें ठेवतों. मालवण, वेंगुर्लें किंवा देवगड ह्या किनाऱ्यावरचें एखादें कुटुंब गोव्यांतल्या आपल्या कुलदेवतेस जातें आणि तेथून पुढें दक्षिणेस गोकर्णाला महाबळेश्वराच्या दर्शनास जातें, ती ही यात्रा.

ह्या किनाऱ्यावर देवांची वाण नाहीं. समुद्राच्या कडेला कुणकेश्वर आहे, आचऱ्यास रामेश्वर आहे, आंगणेवाडीस भराडीदेवी आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यांत तर शिवछत्रपतींचेंच देऊळ आहे. असें असतां येथलीं कित्येक कुळें खण, नारळ आणि तांदूळ बांधून तेरेखोल ओलांडून कां जातात? पुण्य जोडावयास म्हणावें तर तें घराजवळहि जोडतां आलें असतें. ह्या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत आहे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं साष्टी, बारदेश व तिसवाडी ह्या प्रांतांतलीं देवळें पाडण्यास सुरुवात केली, तेव्हां तेथील लोकांनीं आपले देव उचलून नदीपार नेले. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्यें जुवारी ओलांडून प्रियोळास गेला. केळोशीची शांतादुर्गा त्याच दशकांत कवळ्यास गेली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. फोंड्याचा तो मुलूख त्या वेळीं आदिलशाहीकडे होता, म्हणून तेथें देवांस आसरा मिळाला. देवांबरोबर माणसेंहि हाललीं. कांहीं दक्षिणेस कानडा मुलखांत उतरलीं, कांहीं उत्तरेस आमच्या किनाऱ्याकडे आलीं. तेव्हां मालवणाकडचें कुटुंब कवळ्यास जातें तें परक्या क्षेत्रास जात नाहीं. एकाच आपत्तींत घर सोडावें लागलेल्या आपल्या देवास तें भेटावयास जातें. देवहि आपल्या मूळ गांवीं नाहीं, आणि भक्तहि नाहीं.

ह्या संबंधास दुसरीहि बाजू आहे. कवळ्याचें आजचें मंदिर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांतलें. तें उभें राहण्यास ज्यांचें साहाय्य कारणीभूत झालें ते शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम हे मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या कोचरें गांवचे. म्हणजे ज्या किनाऱ्यावर गोव्यांतून माणसें आलीं, त्याच किनाऱ्यावरच्या एका माणसानें साताऱ्यास मोठेपणा मिळवून तो कवळ्यास देवीच्या पायांशीं नेऊन ठेविला. मंदिराचें शिखर, त्यापुढली दीपमाळ व तळें ह्यांचें वर्णन आम्हीं अनेकदां वाचलें आहे. कोचऱ्याचें नांव त्यांत क्वचितच आढळतें. आमच्या किनाऱ्यावरच्या वाचकास ज्या एका वाक्यानें तें देऊळ आपलें वाटलें असतें, तेंच वाक्य गाळून त्याच्या हातांत शिखराचें वर्णन दिलें जातें.

वाटेचेंहि तसेंच. होडी, आगबोट, बैलगाडी, मोटार अशीं ह्या यात्रेचीं साधनें पिढीपिढीनें बदलत आलीं. १९५५च्या ऑगस्टांत गोव्याच्या सरहद्दीवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला. बांद्यापलीकडील पत्रादेवीस त्याचें स्मारक आहे. त्यानंतर १९६१ मध्यें गोवा मुक्त होईपर्यंत ह्या वाटेवर कडक निर्बंध होते. त्या काळांत जी नवी सून घरांत आली तिला कुलदेवतेची पहिली ओटी भरण्यासाठीं किती वर्षें थांबावें लागलें असेल, ह्याचा विचार आजच्या यात्रावर्णनकाराच्या मनास शिवत नाहीं. १९९८ पासून कोंकण रेल्वे सुरू झाली. आतां कुडाळास गाडींत बसलेला मनुष्य कांहीं तासांत गोकर्ण रोड स्थानकावर उतरतो. ही सोय उत्तमच झाली. पण पूर्वी वाटेवरचें संकटच यात्रेचें कारण आठवून देत असे. तें काम आतां लेखणीनें करावयास हवें, आणि लेखणी तर गाडीच्या वेळा लिहिण्यांत गुंतली आहे.

कोणी म्हणेल कीं, यात्रेच्या लेखनाची रीतच अशी आहे. क्षेत्राचें माहात्म्य सांगावें, यात्रेकरूचें सांगूं नये. आम्हांस हें मान्य नाहीं, आणि जुनें वाङ्मय आमच्या बाजूस आहे. गोकर्णाचेंच उदाहरण घेऊं. ह्या क्षेत्राचें माहात्म्य मराठी घरांत पोंचलें तें मुख्यतः गुरुचरित्राच्या सहाव्या व सातव्या अध्यायांतून. सहाव्या अध्यायांतली कथा सर्वांस ठाऊक आहे: रावण आत्मलिंग घेऊन लंकेस निघाला, गणपतीनें बालवेष घेऊन तें त्याच्याकडून हातीं घेतलें आणि गोकर्णाच्या भूमीवर ठेविलें. परंतु रावण कैलासास गेला कशासाठीं, हें आमचे वर्णनकार सांगत नाहींत. कथाकारानें मात्र तें आरंभींच सांगितलें आहे. रावणाची आई मातीचें लिंग करून पूजा करीत असे. तिचा उद्देश कैलासप्राप्तीचा आहे असें कळतांच मुलानें अभिमानानें प्रतिज्ञा केली, कीं तुला तेथें जावयास नको, मीच कैलास येथें आणतों. म्हणजे गोकर्णाची मूळ कथा ही एका कुटुंबाची कथा आहे. आईस यात्रा घडवावयाची ती देवच घरीं आणून, असा त्या मुलाचा हट्ट होता. तो पुरा झाला नाहीं, देव वाटेंतच राहिला, आणि म्हणून आजहि प्रत्येक आईस तेथवर न्यावेंच लागतें. वृद्ध आईस हाताला धरून गोकर्णाच्या गाभाऱ्यांत नेणाऱ्या मुलास ही कथा किती जवळची आहे! पण आमचे वर्णनकार ती दंतकथा म्हणून दोन ओळींत उरकतात आणि भक्तांच्या गर्दीकडे वळतात.

ह्याच्या उलट चित्र गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' ह्या पुस्तकांत आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जामुळें १८५७ साली चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. बंडाच्या धामधुमींत सांपडले. आणि परत आले ते कावडीनें गंगोदक घेऊन, आईबापांस त्यानें स्नान घालण्यासाठीं. चिंतामणराव वैद्यांनीं तें पुस्तक १९०७ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि तें मराठींतलें एक श्रेष्ठ प्रवासवर्णन ठरलें. तें कशामुळें? बंडाची हकीकत त्यांत आहे म्हणून, हें अर्धेंच उत्तर झालें. बंडाच्या हकीकती इतरत्रहि आहेत. ह्या पुस्तकांत आरंभीं घरचें कर्ज आहे व शेवटीं आईबापांचें स्नान आहे, आणि मधल्या सर्व भयंकर गोष्टी ह्या दोन टोंकांमध्यें बांधलेल्या आहेत. त्यामुळें झाशींतला प्रत्येक प्रसंग वाचतांना हा मुलगा घरीं पोंचेल कीं नाहीं, ही धास्ती वाचकाच्या मनांत जागी राहते. रावणास जें जमलें नाहीं तें ह्या गरीब भिक्षुकास जमलें: तीर्थ त्यानें आईबापांच्या दारीं आणलें. काशीच्या देवळांचीं वर्णनें ज्यांस हवीं असतील त्यांस दुसरीं पुस्तकें मिळतील. पण त्या कावडीचें ओझें दुसऱ्या पुस्तकांत मिळणार नाहीं.

स्थळाची नोंद करणें म्हणजे नेहमीं रुक्षपणाच, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. महानुभावांची स्थानपोथी पाहा. गांव कोणतें, देऊळ गांवाच्या कोणत्या अंगास, त्याचें दार कोणत्या दिशेस, इतक्या थोड्या शब्दांत ती बोलते. अलंकार नाहीं, गहिवर नाहीं. तरीहि ती वाचतांना मन हलतें, कारण प्रत्येक नोंदीमागें एक मनुष्य आहे: येथें चक्रधरस्वामी बसले, येथें निजले. ओसरीचें माप घेतलें आहे तें ओसरीसाठीं नव्हे, त्या माणसासाठीं. आजच्या वर्णनांत मापें आहेत. बसलेला मनुष्य नाहीं. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत घराण्याचें नांव, मूळ गांव आणि कोण कोणाबरोबर आलें हें नोंदलेलें असतें. वाङ्मयाचा कसलाहि दावा न करणाऱ्या त्या वहीची दोन पानें आमच्या कित्येक यात्रालेखांहून अधिक बोलकीं असतात, हें कबूल करतांना आम्हांस खेद होतो. काकासाहेब कालेलकरांचें कुळ सावंतवाडीकडच्या कालेलीचें. त्यांनीं बालपणच्या गोकर्णयात्रेवर लिहिलें आहे, व तें लेखन टिकलें आहे. तेथें गोकर्ण पाहणारे डोळे कोणाचे, हें वाचकास पहिल्यापासून ठाऊक असतें. लहान मुलानें आईबापांबरोबर पाहिलेलें देऊळ हें कोणीहि न पाहिलेल्या देवळाहून निराळेंच असतें.

परंतु यात्रावर्णन कसें असावें ह्याचा नमुना आम्हांस विचाराल, तर तो शोधण्यास ग्रंथालयांत जाण्याचें कारण नाहीं. तो आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक देवळांत ऐकूं येतो. त्यास गाऱ्हाणें म्हणतात. नारळ पुढें ठेवून गुरव किंवा मानकरी देवासमोर उभा राहतो आणि मालवणी बोलींत बोलूं लागतो. आधीं तो स्थळाच्या देवांस हांक मारतो. मग सीमेवरच्या राखणदारांस, पूर्वजांस, ज्यांचीं नांवें विसरलीं असतील त्यांसहि. मग तो सांगतो, कीं अमक्याचीं हीं मुलें, पोटासाठीं मुंबईस गेलेलीं, आज तुझ्या पायांशीं आलीं आहेत. अमक्या कारणासाठीं आलीं आहेत. त्यांच्या हातून कांहीं चुकलें असेल तर तें पोटांत घाल. घरांत जें दुखणें आहे, जो तंटा आहे, तो दूर कर. प्रत्येक वाक्यानंतर भोंवतालचीं माणसें एका स्वरांत म्हणतात, 'व्हय म्हाराजा.'

वाङ्मयप्रकार म्हणून ह्या गाऱ्हाण्याकडे कोणी पाहिलें पाहिजे. त्याची रचना पक्की आहे: आवाहन, ओळख, निमित्त, चुकीची कबुली, मागणें, आणि सर्वांचा रुकार. देवळाच्या सौंदर्याविषयीं त्यांत एक शब्द नसतो, कारण बोलणारा देवळांतच उभा आहे. भक्तीचें प्रदर्शन नसतें, कारण ज्याच्यापुढें तें करावयाचें त्यास सारें ठाऊक आहे. तरीहि तें ऐकतांना मोठमोठ्यांचा कंठ दाटतो. कारण आपलें खासगी दुखणें चारचौघांत, परक्याच्या तोंडून, देवापुढें उच्चारलें जात असतें, आणि तें ऐकणारे त्यास 'व्हय' म्हणत असतात. विसरलेल्या देवांस व विसरलेल्या पूर्वजांसहि त्यांत जागा आहे, ही गोष्ट तर आमच्या मतें सर्वांत मोठी. ज्याला आपलें विसरणें ठाऊक आहे त्यानेंच हा प्रकार घडविला असला पाहिजे.

ह्यावर एक आक्षेप येईल, व तो रास्त आहे. घरांतलें दुखणें, भावाभावांतला तंटा, मूल होत नाहीं म्हणून बोललेला नवस, हें मासिकाच्या पानावर मांडावें काय? आमचें उत्तर असें: नांवें मांडूं नयेत, दुखणें चव्हाट्यावर आणूं नये, पण निमित्त आहे इतकें तरी वाचकास कळूं द्यावें. गाऱ्हाणें सांगणारा सर्वच फोडून सांगतो असें नाहीं. पुष्कळदां 'तिच्या मनांत काय आहे तें तुला ठाऊक आहे' एवढेंच तो म्हणतो. त्या एका वाक्यांत जी लाज, जी आशा व जो आदर आहे, तो आमच्या लेखकांनीं शिकावा. निमित्त झांकणें निराळें आणि निमित्तच नसल्यासारखें लिहिणें निराळें.

दुसरा आक्षेप आम्ही आपण होऊनच घेतों, कारण तो आमच्याच मतावर आहे. यात्रा कुटुंबाची, असें आम्ही इतका वेळ म्हणत आलों. पण ज्याला कुटुंब नाहीं, किंवा ज्याच्या कुटुंबास दारांतच अडविलें जात होतें, त्याचें काय? देवळाच्या दाराशीं पिढ्यान्पिढ्या माणसें थांबविलीं गेलीं, हा इतिहास कोणतेंहि शिखर झांकूं शकत नाहीं. सर्वांसाठीं पतितपावन मंदिर रत्नागिरीस १९३१ साली उभारावें लागलें. त्रावणकोरांत १९३६ साली राजाज्ञा काढावी लागली. पंढरीचें दार उघडण्यासाठीं १९४७ साली साने गुरुजींस प्राणांतिक उपोषणास बसावें लागलें. आमच्या यात्रावर्णनांत ह्याचा उल्लेख किती आहे? जवळजवळ नाहींच. पूर्वजांबरोबर आपण देवळांत गेलों, असें लिहितांना त्याच दिवशीं बाहेर कोण उभें होतें, हें विचारण्याचें धैर्य लेखकास नसेल तर त्याची भक्ति खरी असली तरी त्याचें लेखन खरें नव्हे.

आणि येथेंहि जुना कथाकार आमच्यापुढें गेला आहे. गुरुचरित्राच्या सातव्या अध्यायांत गोकर्णाचा महिमा सांगावयाचा होता. त्यासाठीं त्यानें निवडली ती कोणी राणी नव्हे. आंधळी, रोगानें जर्जर झालेली, जातीबाहेरची एक भिकारीण. शिवरात्रीस गोकर्णास निघालेल्या यात्रेकरूंच्या मागोमाग ती चालत आली. तिच्याबरोबर कोणी नाहीं. तिनें अन्नासाठीं हात पसरला, तेव्हां कोणीतरी त्यांत बेलाची मंजिरी ठेविली. खावयास उपयोगी नाहीं म्हणून तिनें ती फेंकली, आणि ती लिंगावर पडली. तिचा उपास घडला, जागरण घडलें, पूजा घडली, आणि शिवदूत तिच्यासाठीं विमान घेऊन आले. तिच्या दुःखाचें कारण म्हणून कथाकार तिचें पूर्वजन्मींचें पाप सांगतो. तें आम्ही आज मान्य करणार नाहीं. पण त्या गर्दींत त्यानें तिला पाहिलें, हें विसरतां येत नाहीं. हजारों कुटुंबें आपापलें पुण्य घेऊन जात असतां कथेचा मान त्यानें कुटुंब नसलेलीस दिला. तिच्या हातांत अन्नाऐवजीं बेल ठेवणाऱ्या यात्रेकरूचें नांव त्यानें सांगितलें नाहीं. आम्हांस वाटतें, तो आमच्यांपैकींच कोणी असावा.

आमची मागणी फार मोठी नाहीं. जो लेखक आपल्या माणसांसह कवळ्यास किंवा गोकर्णास जाऊन येईल त्यानें शिखराची उंची अवश्य लिहावी. पण त्याआधीं गाऱ्हाण्यांतल्या चार गोष्टी लिहाव्या: आम्ही कोण, कोठून आलों, कशासाठीं आलों, आणि आमचें काय चुकलें. आपल्या घरांतल्या आजीस एकदां विचारावें, कीं कुलदेवी गोव्यांत कां. तिला ठाऊक असेल; तिच्या सुनेस अर्धें ठाऊक असेल; नातवास ठाऊक नसेल, आणि पुढच्या वेळीं गाडींत बसणार आहे तो नातू. तो देवळांत उभा राहील, छायाचित्र काढील, प्रसाद घेईल, आणि गुरव त्याच्या वतीनें गाऱ्हाणें घालूं लागला म्हणजे 'व्हय म्हाराजा' कोठें म्हणावयाचें तें त्यास कळणार नाहीं. तें त्यास कळावें, इतकें तरी काम मराठी यात्रावर्णनानें करावें.